फक्त दुसरा कुत्रा दिसायला नको

...आणि वर मलाच विचारतात, "अंकल, काटता है क्या?" अहो, नाही चावत. आजवर त्याने चावलेली एकच वस्तू म्हणजे माझी डावी चप्पल, आणि तीसुद्धा दात येत होते तेव्हा. माणूस दिसला की हा जमिनीवर आडवा, पोट वर, खाजवा म्हणतो. गॅसवाला, कुरिअरवाला, लाइटचं मीटर बघायला येणारा, सगळ्यांची शेपटी हलवून विचारपूस. तुम्हाला सांगतो, आमचा काजू चांगला कुत्रा आहे हो. फक्त दुसरा कुत्रा दिसायला नको.

आता मला सांगा, राहायचं कांदिवलीत, चारकोपला, आणि दुसरा कुत्रा दिसायला नको, हे जमणार कसं? गेटबाहेर पाऊल टाकलं की इस्त्रीवाल्याच्या टेबलाखाली एक. टपरीच्या सावलीत दोन. देवळाच्या पायरीवर एक म्हातारा, तो तर हलतच नाही, त्याला लोक नमस्कार करून ओलांडतात. आणि पार्क केलेल्या गाड्यांखाली किती, ते देवालाच ठाऊक. म्हणून मी काय करतो, काजूला घेऊन निघालो की प्रत्येक गाडीखाली आधी वाकून बघतो. रोज सकाळी. पंचावन्न वर्षांचा माणूस, एका हातात पट्टा, दुसरा हात गुडघ्यावर, लोकांच्या गाड्यांखाली डोकावत चाललाय. परवा एका गाडीवाल्याने काच खाली केली आणि म्हणाला, "बॉस, क्या गिरा आपका?" काय सांगू त्याला? म्हटलं, नशीब.

कारण एकदा का त्याला दिसला ना... आधी कान. कान असे उभे होतात. मग चालणं थांबतं, अंगाचा ओंडका होतो, तोंड बंद, श्वास बंद. माझाही श्वास बंद. मी पट्टा हाताला दोन वेढे मारून घट्ट धरतो, आणि मनात म्हणतो, नको रे काजू, नको रे राजा, आणि राजा मागच्या दोन पायांवर उभा! मग जे भुंकणं सुरू होतं, ते समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येईपर्यंत. समोरचा कुत्रा बिचारा नुसता बसलेला असतो हो, अंग खाजवत. तो याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. ती नजर मला सहन होत नाही.

त्यात सल्ला देणारे. मुंबईत पत्ता विचारला तर कोणी थांबणार नाही, पण कुत्रा ओढायला लागला की सगळ्यांना वेळ. एक जॉगिंगवाला जागच्या जागी उड्या मारत सांगतो, "सर, यू मस्ट बी अल्फा." मी? माझं घरात कोणी ऐकत नाही, मी कुठला अल्फा? एक बाई म्हणाल्या, "हळद द्या दुधातून." एक जण म्हणाला, "एकदा सोडून द्या, होऊन जाऊ दे दोघांची, मग बघा कसे दोस्त होतात." अहो तुमच्या मुलांच्या बाबतीत करता का असं? होऊन जाऊ दे म्हणे.

तसा हा आणला मीच, त्यामुळे बोलायची सोय नाही. मी साकीनाक्याला एका वर्कशॉपात सुपरवायझर आहे. तिथे मागे स्क्रॅपचा ढीग, त्याच्या आड एक कुत्री व्याली होती. बाकीची पिल्लं वर्कशॉपमधल्या पोरांनी नेली, कुत्री कुठे गेली कळलं नाही, आणि हे एक राहिलं. काजूगरासारखा रंग, डोळे धड उघडलेले नाहीत. संध्याकाळी मी जेवणाच्या पिशवीतून घरी घेऊन आलो. अनुपमाने, म्हणजे आमच्या मंडळींनी, डबा धुवायला म्हणून पिशवीत हात घातला... तो प्रसंग सोडा. तिची किंकाळी खाली गेटपर्यंत ऐकू गेली.

पण बोलण्याचंच सांगतो. आमच्या घरात माझे बाबा. धोंडू नाव. गिरणीत होते, गिरणी बंद झाली तेव्हाही ह्या माणसाचं तोंड बंद झालं नव्हतं. मालवणी माणूस, भिंतीशी बोलेल. पण आई गेली आणि बाबा गप्प झाले. बाबा, जेवलात? हं. बाबा, औषध घेतलंत? हं. बाबा, पंखा वाढवू? हं. दीड वर्ष घरात नुसतं हं. तुम्हाला सांगतो, भांडणाऱ्या माणसाची सवय असली ना, की त्याचं हं ऐकवत नाही.

तर ते पिल्लू घरात आलं आणि कुंईकुंई करायला लागलं. मी आणि अनुपमा स्वयंपाकघरात हळू आवाजात भांडत होतो, आणि हॉलमधून आवाज आला. बाबांचा. "कित्याक रडतंस? आवस नाय तुझी? गेली? माझी बायल पण गेली. गप ऱ्हव. गप." आम्ही दोघं दाराशी जाऊन उभे राहिलो. बाबा खाटेवर वाकलेले, पिल्लू त्यांच्या पावलावर, आणि बाबा त्याला गाव, गिरणी, आईच्या हातचं माशाचं तिखलं, सगळं सांगत होते. तेव्हापासून रोज. आमच्याशी हं, काजूशी पारायण. मला राग यायचा का? यायचा ना. मुलगा मी आहे. पण घरात आवाज तरी आला हो. अनुपमाने डबा धुतला आणि म्हणाली, "राहू दे."

आता असा कुत्रा. कोण टाकेल? चांगला कुत्रा आहे, फक्त...

हो, तेच. वर्षाचा झाला आणि हे सुरू झालं. आणि मग मी पडलो. देवळाजवळच्या वळणावर अचानक एक काळा कुत्रा आला, काजूने जो हिसका दिला, माझा हात खांद्यातून गेला की काय असं वाटलं. हात गळ्यातल्या झोळीत. ऑफिसला सुट्टी. आणि अनुपमा, कमरेवर हात ठेवून, अगदी थंड आवाजात, जो तिचा सगळ्यात वाईट आवाज, "परत एकदा पडलात, तर काजू गोराईला."

गोराईला तिचा भाऊ, महादू. एका बंगल्याची वाडी सांभाळतो तिथे. नारळ, मोकळी जागा, वारा. "तिथे मोकळा हुंदडेल," ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, महादूकडे आधीच चार कुत्रे आहेत. म्हणाली, "मग शिकेल आपोआप." तुम्हीच सांगा, ज्याला एक कुत्रा बघवत नाही, त्याला चौघांत पाठवायचं? पण माझ्या त्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघून ती रडकुंडीला आली होती, हे पण खरं. भीती होती ती. माझ्यासाठी. मला कळत होतं. आणि आत खाटेवर बाबा काजूला कानात सांगत होते, "तिका काय कळता?" म्हणजे तेही ऐकत होते.

मग हात झोळीतून मोकळा झाल्यावर मुलुंडहून एक ट्रेनर बोलावली. जान्हवी नावाची. वाटलं शिट्टी, काठी असलं काहीतरी घेऊन येईल. ती आली आणि फरशीवर मांडी घालून बसली. काजूकडे बघितलंसुद्धा नाही. काजू स्वतःच जाऊन तिच्या मांडीत. ती म्हणाली, "काका, काजू रिअॅक्टिव्ह आहे." अनुपमा घाबरून दोन पावलं मागे. बाबांनी खाटेवरून विचारलं, "लागता काय ता?" म्हटलं, बाबा, रोग नाही तो, लागायला. स्वभाव आहे.

"तो रागीट नाहीये, काका," जान्हवी म्हणाली, "तो घाबरतो. मला खाऊ नको, लांब जा, म्हणून ओरडतो. पट्ट्यात असल्यामुळे त्याला पळता येत नाही ना, मग तो आवाज मोठा करतो." मी म्हटलं, घाबरलेला असा उडी मारतो? तर म्हणाली, "तुम्ही ऑफिसात कधी बॉस घाबरलेला बघितला नाही?" तिला काय माहीत, आमचा मालक ऑडिटवाले आले की कसा टेबलं आपटतो.

"आणि तुम्ही काय करता? कुत्रा दिसला की पट्टा आवळता. मग काजूला वाटतं, काकाही घाबरले, म्हणजे खरंच काहीतरी आहे. पट्टा सैल, काका. पट्टा सैल." मग उपाय सांगितला. लांबून कुत्रा दिसला, काजूने बघितलं, अजून भुंकला नाही, लगेच तोंडात खाऊ. परत बघितलं, परत खाऊ. भुंकायच्या आधी, भुंकल्यावर नाही. आणि वळायचं, निघून जायचं. जवळ जायचं नाही. रोज थोडं. घाई करायची नाही. "आणि खाऊ असा हवा, की त्याच्यासाठी काजू जग विसरेल. चिकन उकडून न्या, बारीक तुकडे करून."

इथे चूक झाली. चूक म्हणजे, चिकन हा शब्द तिने बाबांच्या समोर काढला.

डॉक्टरांनी बाबांचं तिखट-तेलकट बंद केलंय. रोज दुधी, रोज पडवळ. "कुत्र्याक कोंबडी आणि माका दुधी?" बाबा म्हणाले. कोणाला? काजूलाच, पण आम्हाला ऐकू येईल असं. आणि मग उठले. स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरात गेले, फळीवरून आईच्या वेळची बरणी काढली, आणि त्यातले सुके बोंबील गॅसवर भाजायला घेतले. "कोंबडेक खयचो वास? वास बोंबलाक." अनुपमा मोलकरणीशी बोलत होती, ती पळत आली, पण तोपर्यंत आमच्या मजल्यावरची दारं उघडली होती. बाबांनी तुकडे केले, थोडे काजूला, थोडे स्वतः, आणि उरलेली मूठ माझ्या पॅंटच्या खिशात कोंबली. मी म्हटलं, चला, बाबा काहीतरी करतायत. मालवणी घरात भाजलेल्या बोंबलाला कोण नाही म्हणणार हो? जो कोणी म्हणेल तो आमच्यातला नाही.

तर मी निघालो. एका बाजूला काजू, दुसऱ्या बाजूला खिशात बोंबील. पट्टा सैल. श्वास सोडतोय, जान्हवीने सांगितलंय. आणि मला पहिल्यांदा वाटलं, आज जमणार. टेबलाखालचा कुत्रा बराच लांब आहे. काजूने बघितलं. मी लगेच तुकडा काढला, तोंडात दिला. काजू मिटक्या मारतोय. झकास!

तेवढ्यात टेबलाखालचा उठला.

त्याने नाक वर केलं. मग टपरीचे दोघे उठले. गाडीखालून एक निघाला, त्या गाडीखाली मी वाकून बघितलं होतं, तिथे कोणी नव्हतं, देवाशप्पथ. मी वळलो, जान्हवीने सांगितल्याप्रमाणे, शांतपणे, तर मागून देवळाचा म्हातारा येतोय. जो कधी हलत नाही तो चालत येतोय! भिंतीवर मांजरं. मी पुढे, काजू माझ्या पायात, आणि मागे अख्खा सेक्टर. मी एका हाताने जान्हवीला फोन लावला. म्हणाली, "काका, अंतर ठेवा, अंतर महत्त्वाचं." म्हटलं, मी ठेवतोय गं, ते ठेवत नाहीयेत!

काजूची अवस्था काय वर्णन करू. कुठे भुंकू, किती जणांना भुंकू... तो गोल गोल फिरायला लागला, पट्टा माझ्या पायांभोवती. मी तसाच, लहान मुलं पोत्याच्या शर्यतीत धावतात तसा, उड्या मारत गेटपर्यंत आलो. वॉचमनने बाकीच्यांना काठी दाखवली, गेट लावलं. वाचलो असं वाटलं. आणि समोर कोण? आमचे सेक्रेटरी. शरच्चंद्र वैद्य. रिटायर्ड मुख्याध्यापक, बोलणं एकदम पुस्तकी, वाक्य सुरू झालं की संपायचं नाव नाही. आणि त्यांच्या हातातल्या पट्ट्याला त्यांचा डॅनी. लॅब्राडोर, जाडा, म्हशीसारखा शांत, ज्याने आयुष्यात कधी कोणाला त्रास दिला नाही.

डॅनी शांतपणे चालत आला आणि त्याने अख्खं तोंड माझ्या खिशात घातलं.

पुढचं मला नीट आठवत नाही. अनुपमाला आठवतं, ती गॅलरीत उभी होती. ती सांगते की काजू एका बाजूने, डॅनी दुसऱ्या बाजूने, मध्ये माझी पॅंट. खिसा टर्रकन फाटला. मी पडलो, पडताना आधार म्हणून सेक्रेटरींचा हात धरला, आणि आम्ही दोघं, त्यांनी स्वतः लावलेल्या गुलाबांत. ते तिथूनच, झाडात बसून, म्हणाले, "नंदकिशोर, ही वर्तणूक सोसायटीच्या शिस्तीस शोभणारी नाही." डॅनी बोंबील खात होता. काजू घसा फाटेपर्यंत ओरडत होता. आणि मी वर बघितलं, तर गॅलरीत अनुपमा नव्हती. ती आत गेली होती. महादूला फोन करायला.

रविवारी महादू आला. टेम्पो घेऊन. मी काही बोललो नाही, काय बोलणार? परत पडलो होतो. तिने आधीच बजावलं होतं. काजू खाटेखाली, बाबा खाटेवर, आणि त्या दिवशी बाबा काजूशीसुद्धा बोलत नव्हते. मला काजू जाणार याचं दुःख होतंच, पण मला ते हं ऐकू यायला लागलं होतं. जेवलात? हं. औषध? हं.

अनुपमा वाईट नाही, मी सांगितलं ना. ती स्वतःच रडत होती. आणि तिचं देवाधर्माचं सगळं चोख. तिनेच देवापुढे नारळ ठेवला, आणि म्हणाली, "बाबा, तो घरातून जातोय, लेकरू आहे, गाऱ्हाणं घाला त्याच्यासाठी."

आता तुमच्यात जे कोकणातले नाहीत त्यांना सांगतो. आमच्यात कुठलंही काम असो, कोणी गावाला निघालं, नवीन गाडी आली, लग्न ठरलं, घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. म्हणजे देवाशी सरळ बोलतो, मोठ्या आवाजात. आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी म्हणायचं, होय म्हाराजा. म्हणायचंच. विचार करायचा नाही. लहानपणापासून ते अंगात असतं, शिंक आली की डोळे मिटतात तसं. आणि एकदा देवापुढे होय म्हटलं की ते मागे घ्यायचं नाही.

आई गेल्यापासून बाबांनी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. उठले. हात जोडले. आम्ही मागे उभे, मी, अनुपमा, महादू. काजू पायात.

"बा देवा म्हाराजा!" आवाज असा लागला की भांडी वाजली. "आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ह्या मुक्या जनावराक तू ह्या घरात धाडलंस, तेचो तूच सांभाळ कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." महादूचा आवाज सगळ्यात मोठा, त्याला जेवायला कोंबडी-वडे होते.

"तेच्यावर कोणाची वाकडी नजर पडली असात, ती दूर कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"ह्या नंदूच्या हातात बळ नाय, डोक्यात अक्कल नाय, ती तेका दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा." मी पण म्हटलं. काय करणार, तोंडातून जातं.

मग बाबांनी जरा श्वास घेतला, आवाज चढवला, आणि एका दमात, "आणि तेका गोराईक धाडूचो जो काय इचार ह्या घरात चल्लेलो आसा, तो आत्ताच्या आत्ता मोडून काढ, आणि काजूक हयच ऱ्हवू दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

म्हटलं. तिने. अनुपमाने. मोठ्याने, हात जोडून, डोळे मिटून. आणि मग डोळे उघडले. महादूने पण म्हटलं होतं, तो टेम्पोची किल्ली हातात धरून बहिणीकडे बघत होता. अनुपमा म्हणाली, "बाबा, हे... हे असं नाही चालत." बाबा खाटेवर बसले, काजूला वर घेतलं. "देवाक सांगितला. तू होय म्हटलंस." संपलं. महादू जेवला, अगदी पोटभर जेवला, आणि रिकामा टेम्पो घेऊन गोराईला गेला.

पण अनुपमाने ती गोष्ट तिथेच सोडली नाही. भांडी आपटून झाल्यावर तिने माझ्यासमोर एक घट्ट झाकणाची स्टीलची डबी ठेवली. "बोंबील याच्यात न्या. खिशात नाही. आणि ती मुलगी सांगते तसं करा, तुमच्या मनाचं नको." जान्हवीला सगळं सांगितलं तर ती एवढी हसली की फोनवर तिला खोकला लागला. म्हणाली, "काका, खाऊ बरोबर होता. फक्त उघडा होता."

मग सुरू केलं. नीट. अगदी लांबून. कुत्रा ठिपक्याएवढा दिसला की थांबायचं, डबी किलकिली करायची, तुकडा द्यायचा, झाकण बंद, वळायचं. आठवडे गेले. कंटाळा आला, ऑफिसला उशीर झाला, काही दिवस तर तो पूर्वीपेक्षा जास्त ओरडला. जान्हवी म्हणायची, होतं असं. लोकांचा सल्ला चालू होताच. अल्फावाला अजून उड्या मारत होता.

आणि एका संध्याकाळी, नाक्यावर, रस्त्यापलीकडे एक कुत्रा. जवळ. फार जवळ. काजूचे कान उभे. मला कळलं आता काय होणार, सवयीने हात आवळायला लागले, मी ते जबरदस्तीने सैल सोडले. काजूने त्या कुत्र्याकडे बघितलं. बघितलं, बघितलं... आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडाकडे. काका, बघितलंत ना, मी ओरडलो नाही, असं. तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. आमचा मुलगा सिद्धेश इंजिनिअर झाला तेव्हा नव्हते आले. तो आता पुण्याला असतो, त्याला सांगू नका.

घरी आलो आणि हॉलमध्ये उभा राहून सांगितलं, बाबा, आज तो नाही भुंकला. बाबांनी काजूचं डोकं कुरवाळलं. मला वाटलं, आता हं. बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "पट्टो सैल ठेवलंस?" मी म्हटलं, हो. "आणि खांदो? दुखता काय रे अजून?" मी काजूचा पट्टा सोडवायला वाकलो. अनुपमाच म्हणाली, "दुखतो, सांगत नाहीत." मग बाबांनी मला शेजारी बसवून खांद्याला तेल चोळलं, आणि चोळताना अर्धा तास मला शिव्या घातल्या, पट्टा कसा धरावा यावरून, ज्या माणसाने आयुष्यात कधी कुत्रा फिरवला नाही त्याने. मी सगळं ऐकून घेतलं. फार बरं वाटलं.

इथे गोष्ट संपायला हवी ना? इथे संपली तर ती माझी कशी?

काजू हुशार निघाला. त्याच्या डोक्यात गणित पक्कं बसलं, कुत्रा दिसला की बोंबील. मग आता कुत्रा नाही दिसला तर? तर बोंबील नाही. म्हणजे कुत्रा शोधा! आता तो मला ओढतो, पण कुत्र्यांच्या दिशेने. गाड्यांखाली आता तो वाकून बघतो. दुपारच्या उन्हात सगळे कुत्रे कुठेतरी गार जागी झोपलेले, आणि हा घरी यायला तयार नाही. भर रस्त्यात बसकण. एकही कुत्रा बघितल्याशिवाय उठणार नाही. चांगला कुत्रा आहे, फक्त आता दुसरा कुत्रा दिसायलाच हवा. मी इस्त्रीवाल्याला विचारतो, भाऊ, तुमच्या टेबलाखालचा कुठे गेला आज? तो माझ्याकडे असा बघतो.

शेवटी एकच कुत्रा असा, जो हमखास सापडतो. डॅनी. गुलाबांनंतर सेक्रेटरी माझ्याशी बोलत नव्हते, पण डॅनी त्या खिशाची चव विसरला नव्हता. तो मला लांबून बघून शेपटी हलवतो, काजू त्याला बघून माझ्याकडे बघतो, आणि रागावलेल्या सेक्रेटरींना त्यांच्या कुत्र्यानेच ओढत माझ्यापर्यंत आणलं. पहिल्या दिवशी मी माफी मागितली. ते म्हणाले, "असो, मनुष्यप्राणी चुकतो." मग बोलायला लागले. तोपर्यंत माझी त्यांच्या बोलण्यातून सुटका होती. ती तेव्हा संपली.

आता रोज सकाळी कंपाउंडमधल्या कट्ट्यावर आमची बैठक. खाली काजू आणि डॅनी, शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने, शेपट्या जमिनीवर, नजर वर. माझ्या डबीकडे. आणि सेक्रेटरी बोलतात. पाण्याची टाकी. गटाराचा उतार. रीडेव्हलपमेंटमध्ये किती मजले मिळावेत, आणि ते का मिळणार नाहीत. त्यांचा शाळेतला तो एक विद्यार्थी, जो आता कुठल्या कुठे पोचलाय. माझी कामावर जायची बस निघून जाते, मला कळतं. मी उठायला बघतो, तर काजू हलत नाही. त्याचं म्हणणं, अख्ख्या चारकोपात मला एवढं शांत कुत्रं कुठे बघायला मिळणार?

म्हणून मी बसतो. कट्ट्याखाली दोन कुत्रे अगदी शांत बसलेले असतात, आणि वर मी, त्यांच्यासारखाच, मान वर करून, सेक्रेटरींच्या तोंडाकडे एकटक बघत. फरक एवढाच आहे की त्या दोघांना मध्ये मध्ये बोंबील मिळतो.